बोलून कुणाला दुखावलंय? पश्चात्ताप कुठून सुरू करायचा आणि कुठपर्यंत न्यायचा

सगळ्या भाऊबहिणींना सलाम. कळवा, ऐरोली, नेरूळपासून पार खारघर पनवेलपर्यंत आपल्या मंडळ्यांमध्ये घरगुती प्रार्थना संपली आणि चहा आला की कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, ताई मी अमुकला असं असं बोलले, देवाजवळ माफी पण मागितली, तरी आतून हलकं वाटत नाही, आता काय करू. दारू सुटल्याच्या साक्षी आपण खूप ऐकतो, तोंडाने केलेल्या पापाची साक्ष कुणी द्यायला उभं राहत नाही, त्यामुळे हे नेमकं करायचं कसं ते बहुतेकांना कुणी शिकवलेलंच नसतं. म्हणून क्रमाने लिहितेय.

माझं म्हणणं एवढंच आहे की शब्द जितक्या कानांपर्यंत गेला तितक्या कानांपर्यंत पश्चात्ताप पण चालत गेला पाहिजे, आणि तिथपर्यंत चालायची ताकद येते ती देवाची क्षमा आधी मिळते म्हणून. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी माणसाकडून माफी मिळवू मग देवाला तोंड दाखवू असं ठरवलं, की माणूस अर्ध्यात थकतो.

आधी बघा, नेमकं काय बोललात

शिवीगाळ, ओरडणं हे लगेच कळतं. बाकीचं कळत नाही. दहा आज्ञांमधली खोट्या साक्षीची आज्ञा आपण प्रोटेस्टंट लोक नववी म्हणून मोजतो आणि कॅथलिक लोक आठवी म्हणून (ठाण्यात एकाच घरात सासर कॅथलिक माहेर प्रोटेस्टंट असं खूप असतं, मुलांचा गोंधळ होतो, आज्ञा एकच आहे), पण ती फक्त कोर्टातल्या साक्षीपुरती आहे असं धरून आपण सुटून जातो. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद २४७७ मध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या करून सांगितल्यात, आणि त्या सगळ्यांनीच पाठ कराव्यात असं मला वाटतं. पुरेसा आधार नसताना कुणाबद्दल मनात वाईट मत पक्कं करणं, कुणाचा खरा दोष पण कारण नसताना ज्यांना तो माहीत नव्हता त्यांना सांगणं, आणि खोटं बोलून कुणाचं नाव खराब करणं. दुसरी गोष्ट परत वाचा. खरं होतं म्हणून सांगितलं, ही सबब तिथे चालत नाही.

आपल्याकडे याचं सगळ्यात जास्त चालणारं रूप म्हणजे प्रार्थनेची विनंती. "त्या घरासाठी जरा प्रार्थना करा हं, मुलगा रात्री उशिरा येतो, कुणाबरोबर असतो देव जाणे." प्रार्थना दोन मिनिटं होते आणि चर्चा तासभर. मंडळीत कुणाच्या मुलीच्या लग्नाबद्दल, कुणाच्या नोकरीबद्दल, कुणाच्या जातीबद्दल असंच फिरत राहतं, आणि जातीबद्दल तर आपण बोलतोच, नाकारू नका, लग्न जमवताना मूळ कुठलं ते विचारताना आवाज कसा खाली जातो ते सगळ्यांना माहीत आहे. गणनाच्या १२ व्या अध्यायात मोशेची भावंडं मिर्याम आणि अहरोन त्याच्या कूशी (कूश देशातल्या) बायकोवरून बोलले तेव्हा देवाने ते घरगुती कुजबुज म्हणून सोडून दिलं नाही.

मग मस्करी. नीतिसूत्रे २६:१८-१९ मध्ये शेजाऱ्याला फसवून वर मी तर गंमत केली म्हणणाऱ्याची तुलना बाण सोडत सुटलेल्या वेड्याशी केलीय. सोसायटीच्या ग्रुपवर दुसऱ्या धर्माच्या सणाची टिंगल करणारा मेसेज फॉरवर्ड करणं, पेंटेकॉस्टल लोकांच्या उपासनेची नक्कल करून हसणं, कॅथलिक शेजाऱ्यांना मरीयेवरून टोमणा मारणं, हे सगळं याच्यात येतं.

पण एक गोष्ट दुखावणारं बोलणं नाही आणि ती स्पष्ट लिहिते. मंडळीच्या हिशोबात घोळ दिसला आणि तुम्ही कमिटीत विचारलंत, कुणी मुलांशी चुकीचं वागतंय आणि तुम्ही ते सांगितलंत, नवरा मारतो हे बहिणीला सांगितलंत, तर ही चहाडी नाही. लेवीय १९:१६ मध्ये चहाडी करत फिरू नको म्हटलंय आणि त्याच वचनात शेजाऱ्याचा जीव धोक्यात असताना बघत राहू नको असंही आहे. ज्याला काही करता येईल त्याला सांगणं आणि ज्याला काहीच करता येणार नाही त्याला चघळायला देणं यातला फरक बहुतेक वेळा सांगणाऱ्याला स्वतःला आतून माहीत असतो.

पहिली पायरी: आधी थांबा, अजून शब्द वाढवू नका

भांडण झाल्या झाल्या लांबलचक मेसेज टाईप करायला घेऊ नका. त्यात अर्धी माफी आणि अर्धं तुम्हीच कसे बरोबर होतात ते असतं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत एडिट करता येतो आणि सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण अडीच दिवस मिळतात, तेवढ्यात काढून टाकता आला तर जरूर टाका, म्हणजे अजून कुणी वाचणार नाही. पण डिलीट केलं म्हणजे मिटलं असं धरू नका, ज्यांनी वाचायचं त्यांनी वाचलेलं असतं, स्क्रीनशॉट गेलेला असतो, आणि मेसेज डिलीट झाल्याची ती ओळ बघून उरलेले लोक विचारायला लागतात काय होतं म्हणून.

या वेळात तिसऱ्या माणसाला फोन करून "बघ ना मी असं बोलले पण ती पण कशी" हे सुरू करू नका. नीतिसूत्रे २६:२० म्हणतं लाकूड संपलं की आग विझते. तुमचा तो फोन लाकूड आहे.

दुसरी पायरी: कागदावर लिहा

मोबाईलमध्ये नको, कागदावर, नंतर फाडता येईल असं. जे बोललात ते शब्द जसेच्या तसे लिहा. "मी जरा कडक बोलले" असं नाही. "मी सासूबाईंना म्हटलं की तुमच्यामुळे माझं आयुष्य नासलं, आणि ते मुलांसमोर म्हटलं" असं. याकोब ३ मध्ये जिभेला ठिणगी म्हटलंय जी अख्खं रान पेटवते, तर रान कुठपर्यंत पेटलं ते बघायचंय. म्हणून खाली नावं लिहा, कुणी कुणी ऐकलं, त्यातल्या कुणी पुढे कुणाला सांगितलं असेल. मग तीन प्रश्न: हे खोटं होतं का, खरं असलं तरी सांगायचा मला अधिकार होता का, आणि याने त्या माणसाचं काय गेलं (नाव, नातं, काम, झोप, देवाच्या घरी यायची इच्छा). शेवटच्यावर वेळ घ्या. मंडळीत बोलल्या गेलेल्या एका वाक्यामुळे उपासनेला यायचं बंद केलेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत.

"पण ती आधी बोलली" हे त्या कागदावर येऊ देऊ नका. तिचं पाप खरं असू शकतं, त्याच्यासाठी मत्तय १८:१५ आहे, तिच्याशी एकांतात बोला, पण ते दुसऱ्या दिवशी. एकाच भेटीत माफी मागायची आणि तक्रार पण करायची असं ठरवलं की समोरच्याला फक्त तक्रार ऐकू येते.

तिसरी पायरी: तो कागद घेऊन देवासमोर बसा

इथे बरेच जण घाई करतात किंवा इथेच अडकतात. स्तोत्र ५१ मोठ्याने वाचा, आणि तुमचं पाप त्यात नावाने घाला. १ योहान १:९ म्हणतं आपण पापं कबूल केली तर तो विश्वासू आणि न्यायी आहे, तो क्षमा करील आणि शुद्ध करील. हे वचन तुमच्या रडण्याच्या प्रमाणावर टेकलेलं नाही, त्याच्या विश्वासूपणावर टेकलंय, म्हणून रडू आलं नाही तरी चालतं.

यशया ६ बघा. मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे असं तो म्हणतो, मग वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागतो, तुझं पाप दूर झालं असं त्याला सांगितलं जातं, आणि त्याच्यानंतर मी कोणाला पाठवू हा प्रश्न येतो. बोललेल्या तोंडालाच शुद्ध केलं आणि त्याच तोंडाला कामावर पाठवलं. तुम्ही ज्या दाराशी जाऊन बेल वाजवणार आहात तिथे क्षमा झालेला माणूस म्हणून जाताय, म्हणून समोरच्याने काहीही म्हटलं तरी तुम्ही मोडून पडणार नाही.

कॅथलिक भाऊबहिणींसाठी पापनिवेदन आहे, फादर तुमचं काहीही बाहेर सांगू शकत नाहीत, तर लाजून तिथे "जिभेची पापं" असं एका शब्दात गुंडाळू नका, काय बोललात ते सांगा. आणि त्याच धर्मशिक्षणात परिच्छेद २४८७ मध्ये आहे की सत्याविरुद्ध केलेल्या अपराधाची क्षमा झाली तरी नुकसान भरून द्यायचं कर्तव्य उरतं. आपल्या प्रोटेस्टंट बाजूला पाळक साहेबांना किंवा एका समजूतदार वडीलधाऱ्या बहिणीला सांगा, याकोब ५:१६ एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगतंच. मराठी मंडळीला हे नवीन नाही, १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये आत्मिक जागृती झाली तेव्हा मुली रडत रडत पापं कबूल करत होत्या. फक्त एक सांभाळा, भर सभेत साक्ष देताना ज्याच्याबद्दल बोललात त्याची गोष्ट परत सगळ्यांना ऐकवू नका, ते दुसऱ्यांदा मारणं होतं.

इथे येशूला पकडून देणाऱ्या शिष्याबद्दल, यहूदाबद्दल पण बोलायला हवं. मत्तय २७ मध्ये यहूदाला पस्तावा झाला, चांदीची नाणी परत केली, मी पाप केलं असं त्याने तोंडाने म्हटलं. आणि ज्यांच्याकडे तो गेला ते याजक म्हणाले, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. तो एकटा बाहेर पडला. तुमच्याकडे कुणी पाप कबूल करायला आलं तर त्या याजकांसारखं वागू नका, एवढी विनंती आहे. २ करिंथ ७:१० मध्ये पौल दोन दुःखं सांगतो, एक देवाकडे नेणारं आणि एक मरणाकडे नेणारं. अपराधाच्या भावनेने मरणाचे विचार येत असतील तर ते दुसरं दुःख आहे, ते एकट्याने सोसायचं नाही, त्याच रात्री घरातल्या कुणाला तरी उठवा आणि सरकारच्या मानसिक आरोग्याच्या टेलिमानस लाईनला १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं.

चौथी पायरी: माणसाकडे जा

मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाकडे जा, मग येऊन अर्पण कर. प्रभुभोजनाच्या रविवारच्या आधीचा आठवडा यासाठी मला सगळ्यात चांगला वाटतो.

समोरासमोर जा, नाहीच जमलं तर फोन, मेसेज अगदी शेवटचा. फोन करून विचारा "मला माफी मागायचीय, कधी येऊ?" म्हणजे समोरच्याला पण तयारीला वेळ मिळतो. आपल्याकडच्या वन बीएचकेमध्ये अख्खं घर ऐकत असतं, शेजारी पण, तर हवं असेल तर बाहेर भेटा, ठाण्यात तलावपाळी नाहीतर उपवन, वाशीला सागर विहार, खारघरला सेंट्रल पार्क. ट्रान्सहार्बर लोकलच्या गर्दीत किंवा उपासनेनंतर दारात सगळे सलाम करत उभे असताना उरकून टाकू नका.

काय बोलायचं ते घरून ठरवून जा. ही वाक्यं टाळा: "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी", "माझा तसा हेतू नव्हता", "रागात तोंडातून गेलं", "आपण ख्रिस्ती आहोत ना, सोडून दे आता". पहिल्यात "तर" आहे, म्हणजे अजून ठरलेलंच नाही काही झालं की नाही. आणि शेवटचं तर समोरच्यावर ओझं टाकणारं आहे, ते कधीच नको.

असं काहीतरी बोला: "वहिनी, महिला मंडळात मी तुमच्या मुलीबद्दल बोलले. मला पूर्ण माहिती नव्हती, आणि असती तरी ते सांगायचा मला हक्क नव्हता. तिथे बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं. मी चुकले, मला क्षमा करा. त्यांना सगळ्यांना मी सांगणार आहे की मी चुकीचं बोलले, पण तुम्हाला चालणार असेल तरच." बस. पुढे गप्प बसा. त्या रडतील, चिडतील, जुनं काढतील, ऐकून घ्या.

मुलांची माफी मागायला आपल्याला फार जड जातं. दहावीच्या मार्कांवरून "तुझ्याने काही होणार नाही" म्हटलं असेल आणि ते आजी-काकांसमोर म्हटलं असेल तर माफी पण त्यांच्यासमोर. "बाळा, मी जे बोललो ते खोटं होतं, मी चिडलो होतो, चूक माझी." कलस्सै ३:२१ बापांना सांगतं मुलांना चिडवू नका, ती खचतील. घरकामाला येणाऱ्या ताईंना अरेतुरे करून बोललात तर त्यांची माफी उभ्या उभ्या स्वयंपाकघराच्या दारातून नको, बसायला खुर्ची द्या.

आता अवघड प्रश्न. ज्याच्याबद्दल बोललात त्याला ते माहीतच नसेल तर? सांगायचं का? माझं मत: ते त्याच्यापर्यंत पोचलं असेल, किंवा पोचणार हे नक्की असेल, किंवा त्यामुळे त्याचं काही नुकसान होतंय (लग्न मोडतंय, काम जातंय) तर तुमच्याच तोंडून सांगा. पण एकाच माणसाजवळ बोललात आणि ते तिथेच थांबलंय तर आधी त्या ऐकणाऱ्याकडे जाऊन शब्द मागे घ्या, आणि नुसतं स्वतःचं मन हलकं करायला एखाद्याच्या हातात नवीन जखम देऊ नका. शंका असेल तर पाळक साहेबांना नाव न घेता विचारा.

पाचवी पायरी: ऐकणाऱ्यांपर्यंत जा

हीच पायरी सगळे गाळतात. जक्कय नावाच्या जकातदाराने लूक १९ मध्ये नुसतं वाईट वाटलं म्हटलं नाही, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत देतो म्हणाला. शब्दाची भरपाई म्हणजे तुमच्या कागदावर जी नावं आहेत त्या प्रत्येकाला सांगणं की मी बोलले ते चुकीचं होतं.

फोन छोटा ठेवा. "त्या दिवशी मी अमुक घराबद्दल बोलले, ते मला बोलायला नको होतं, तू कुणाला सांगितलं असशील तर माझं नाव घेऊन सांग की मी शब्द मागे घेतलाय." गोष्ट परत सांगू नका. खरा दोष होता पण तुम्ही उघडा केलात अशी केस असेल तर "ते खोटं होतं" असं म्हणू नका, ते अजून एक खोटं होईल, "सांगायचा मला अधिकार नव्हता" एवढंच म्हणा. ग्रुपवर लिहिलं असेल तर ग्रुपवरच लिहा, वैयक्तिक मेसेज पुरत नाही, आणि लिहिल्यावर खाली लोक अंगठे, हात जोडलेले इमोजी, "किती मोठं मन" वगैरे टाकतील, त्याला उत्तर देत बसू नका.

उत्तर आलं नाही तर

क्षमा मागणं तुमच्या हातात आहे, मिळणं नाही. रोम १२:१८ मध्ये तुमच्याकडून होईल तेवढं असं आहे. समोरचा दार लावून घेईल, सणाला बोलावणार नाही, वर्ष जाईल. परत परत विचारू नका, मध्यस्थ पाठवू नका, आणि मुख्य म्हणजे "मी तर माफी मागितली, तीच धरून बसलीय" असं दुसऱ्यांना सांगत फिरू नका, त्याने सगळं केलेलं पुसलं जातं. त्यांच्यासाठी रोज नाव घेऊन आशीर्वाद मागा.

आणि जिला दुखावलंय तिच्यासाठी पण लिहिते, कारण ती पण हे वाचत असेल. सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायची हे वचन वापरून कुणी तुम्हाला शिव्या आणि मार असलेल्या घरात परत पाठवत असेल तर ते वचनाचा गैरवापर करतायत. मनातून क्षमा करणं आणि त्या माणसाच्या हाताखाली परत राहायला जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ या हेल्पलाईन आहेत, फोन करायला कमीपणा मानू नका.

रोजचं वळण

सकाळी स्तोत्र १४१:३, हे परमेश्वरा माझ्या तोंडावर पहारा ठेव, हे लोकल पकडायच्या आधी म्हणा. तुमचं तोंड कधी सुटतं ते बघा, बहुतेकांचं रात्री, घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून उपाशी घरी आल्यावर. मग त्या वेळेत पैसे, सासर, अभ्यास हे विषय काढायचेच नाहीत असं नवरा-बायकोने मिळून ठरवा, आधी जेवून घ्या. प्रार्थना गटात नियम करा की ज्याच्यासाठी विनंती आहे त्याची परवानगी नसेल तर नाव आणि तपशील सांगायचा नाही, "एका घरासाठी" म्हटलं तरी देवाला घर कळतं. कुणी तुमच्याजवळ दुसऱ्याबद्दल सुरू केलं तर "हे तू त्यांना विचारलंस का?" एवढं विचारा. आणि इफिस ४:२९ फक्त वाईट बोलू नका म्हणून थांबत नाही, ऐकणाऱ्याची उभारणी होईल असं बोला म्हणतं, तर ज्याच्याबद्दल पूर्वी वाईट बोललात त्याचं खरं चांगलं काम दिसलं की चारचौघांत बोलून दाखवा.

परत तोंड सुटलं तर

सुटेल. जिभेला कुणीही माणूस वश करू शकत नाही असं याकोब ३:८ मध्ये सरळ लिहिलंय, आणि हे लिहिणारा याकोब मंडळीला टाकून देत नाही, पुढच्याच अध्यायात देवाजवळ या म्हणजे तो तुमच्याजवळ येईल असं सांगतो. आशा आपल्या जिभेवर ठेवलेलीच नाही.

येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने शेकोटीजवळ उभं राहून, शपथा घेऊन, मी त्या माणसाला ओळखत नाही म्हटलं. तीनदा. ते पण बोलण्याचंच पाप होतं, आणि ज्याच्याबद्दल बोलला तो तिथेच होता, लूक म्हणतो प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिलं. योहान २१ मध्ये येशू परत कोळशाचा विस्तव पेटवून बसलेला आहे, त्याला न्याहारी देतो, मग तीनदा विचारतो माझ्यावर प्रेम करतोस का, आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरं सांभाळायचं काम देतो. नाकारलेलं तितक्याच वेळा तोंडाने परत बोलायला लावलं. पुढे प्रेषितांची कृत्ये २ मध्ये त्याच तोंडाने यरुशलेमात भाषण केलं आणि सुमारे तीन हजार लोक मंडळीत आले.

म्हणून परत चुकलात तर आता मी सुधारणारच नाही म्हणून महिनाभर उपासना चुकवू नका. कागद काढा, पहिल्या पायरीपासून सुरू करा, आणि जमलं तर त्याच दिवशी झोपायच्या आधी पहिला फोन करा. लूक १७:४ मध्ये भाऊ दिवसातून सात वेळा चुकून सात वेळा परत आला तरी क्षमा करायला सांगितलीय. आपल्याला हे सांगणारा प्रभू स्वतः त्यापेक्षा कमी क्षमा करणार आहे का?